ट्रेलर घेऊन पाच दिवस, जंगल आणि तीन धबधबे: आखणीत मदत हवी आहे

निर्झरी (धागाकर्ती) | ३ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांपासून मनात असलेली सहल या वेळी जमून येते आहे. गाडीमागे ओढायचा, आत झोपायची सोय असलेला ट्रेलर भाड्याने ठरवलाय. लांबी साडेपाच मीटर, रिकामं वजन साधारण १४०० किलो. आम्ही पाच जण: मी, नवरा, मुलगी (१३), मुलगा (९) आणि सासूबाई (६८). पाच दिवस, चार रात्री.

तीन धबधबे पाहायचे आहेत. ते एकमेकांपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहेत. पहिल्याची वाट जाऊन-येऊन ४ किमी, बहुतेक सपाट. दुसऱ्याची ९ किमी, चढ ३५० मीटर. तिसऱ्याची ११ किमी, चढ ४५० मीटर. या वाटेवर एक ओढा ओलांडावा लागतो आणि त्यावर पूल नाही. वरच्या डोंगरांवर अजून बर्फ आहे, त्यामुळे धबधबे भरून वाहत असतील.

सध्याचा बेत असा: रोज सकाळी ट्रेलर जोडायचा, धबधब्यापाशी जायचं, वाट चालायची आणि संध्याकाळी पुढच्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम. नवऱ्याने पूर्वी छोटा ट्रेलर ओढलाय, मी कधीच नाही.

हे जमेल का? सासूबाईंनी कोणती वाट चालावी? तो ओढा मुलांना घेऊन ओलांडावा का? सासूबाई म्हणतात, "मला गाडीत बसवून ठेवायचं असेल तर मी घरीच बरी." त्यांना मनापासून यायचं आहे आणि मलाही त्या हव्या आहेत. म्हणून हा धागा.

धुकं | ३ जून, रात्री ९:३२

सविस्तर नंतर लिहितो, पण एक गोष्ट आत्ताच. वाट सुरू होते तिथल्या पार्किंगमध्ये ट्रेलर घेऊन जाऊ नका. जंगलातली ही पार्किंगं दहा-पंधरा गाड्यांची असतात, तीही सकाळी आठ-नऊपर्यंत भरतात. आत शिरल्यावर वळायला जागा नसते, मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि अरुंद रस्त्यावर ट्रेलर रिव्हर्स घ्यावा लागतो. काही ठिकाणी तर 'ट्रेलरला मनाई' अशी पाटी शेवटच्या वळणानंतर दिसते.

सावली_मोठी | ३ जून, रात्री १०:१५

धुकं यांना पूर्ण अनुमोदन. मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन, की रोज ट्रेलर हलवायचा बेत सोडून द्या.

एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. सकाळी आतलं सामान बांधायचं, कपाटांची दारं लावायची, पाण्याची आणि विजेची जोडणी काढायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायचे, हिच (गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा सांधा) जोडायचा, साखळ्या आणि दिवे तपासायचे. सरावलेल्या माणसाला पाऊण तास, नवख्याला दीड. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने, शिवाय ट्रेलर समतल करणं. शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर ट्रेलर तिरका ठेवून चालत नाही, तो नीट गार करत नाही आणि खराबही होतो. म्हणजे उजेडाचे तीन तास यातच गेले. जंगलातली वाट चालायला हेच तीन तास सगळ्यात मोलाचे असतात.

तिन्ही धबधब्यांच्या साधारण मधोमध एक कॅम्पग्राउंड निवडा. ट्रेलर तिथे एकदा लावला की शेवटच्या दिवसापर्यंत हलवू नका आणि रोज नुसती गाडी घेऊन निघा. पन्नास किलोमीटर जायचं आणि यायचं हे त्या जोडाजोडीपेक्षा कितीतरी हलकं पडतं. ओले बूट, थकलेली मुलं, दुखरे गुडघे, या सगळ्यांना परत जायला एक ठरलेली जागा मिळते. अंथरूण सकाळी जसं टाकून गेलात तसंच संध्याकाळी सापडतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

आता ओढण्याविषयी. उत्तर अमेरिकेत सर्रास सांगतात तो नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर यावा. तुमचं १४०० हे रिकामं वजन झालं. पाणी, सामान, सिलिंडर धरून ते सहज १७०० होईल, म्हणजे हिचवर १७० ते २५५ किलो. युरोपातल्या ट्रेलरना याहून कमी सांगतात, म्हणून भाड्याच्या कागदपत्रांतला आकडा अंतिम माना. तुमची गाडी तेवढा भार घेते का तेही बघा. भार कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी चाकांच्या मागे असेल आणि तुम्ही शंभर लिटर भरून निघालात, तर हिचवरचा भार आणखी कमी होतो. आधी चौकशी करा, आणि कॅम्पग्राउंडवर पाणी मिळत असेल तर प्रवासात टाकी जवळपास रिकामीच ठेवा.

झुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा हातनियंत्रक असेल तर तेवढाच हलका वापरा. डोंगर उतरताना आधीच खालच्या गिअरमध्ये या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ते तापून निकामी होतात.

पायरव | ३ जून, रात्री ११:०२

एकाच जागी चार रात्री हे मला पटत नाही. जंगल बदलतं, पाणी बदलतं आणि पहाटे वेगळ्या ठिकाणी उठण्यात आनंद असतो. धबधब्यापासून दोन किलोमीटरवरच्या कॅम्पग्राउंडवर झोपलं की सकाळी साडेसहाला वाटेवर असता, गर्दीच्या आधी. पन्नास किलोमीटर गाडी चालवून येणाऱ्याला ते जमत नाही.

सावली_मोठी | ३ जून, रात्री ११:२०

पहाटेचं मान्य. मग चार रात्रींचे दोन मुक्काम करा, दोन आणि दोन. त्याहून जास्त नको.

निर्झरी | ४ जून, सकाळी ७:४५

दोन मुक्काम नवऱ्यालाही पटले. पहिल्या दोन धबधब्यांच्या मध्ये एक आणि तिसऱ्याच्या जवळ दुसरा. म्हणजे ट्रेलर वाटेत एकदाच हलवायचा. काल रात्री हा निर्णय झाल्यावर इतकं हलकं वाटलं! आता सासूबाई आणि ओढा.

भटकीआजी | ४ जून, सकाळी ९:३०

निर्झरी, मी ७१ वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघ्यांनी मला केव्हाच सांगून टाकलंय की यापुढे त्यांना विचारून चालायचं. म्हणून तुझ्या सासूबाईंच्या वतीने लिहिते.

पहिली गोष्ट, त्यांच्यासाठी वाट तू ठरवू नकोस. नकाशा, अंतर, चढ आणि जमिनीचा प्रकार त्यांच्यासमोर ठेव आणि त्यांना ठरवू दे. "तुम्हाला झेपणार नाही" हे वाक्य ऐकल्यावर माणूस एक तर हट्टाने जातो किंवा मन मारून मागे राहतो. सहल दोन्हीकडून बिघडते.

दुसरी गोष्ट डोंगर चढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. धबधब्याची वाट पुष्कळदा उलटी असते. डोंगरावर आधी चढ असतो, दमलात की मागे फिरता आणि उतरता. धबधब्याला मात्र अनेकदा गाडी वर, घळीच्या काठावर लावायची आणि खाली डोहापर्यंत उतरायचं असतं. जाताना सगळे ताजेतवाने, पाण्याचा आवाज ओढून नेतो, अर्ध्या तासात खाली. मग परतीचा सगळा चढ थकलेल्या पायांवर. तुझ्या तिन्ही वाटांपैकी कोणती वाट आधी उतरते ते बघ. तशी असेल तर सासूबाईंनी खाली जायचं की नाही हे काठावरच ठरवा, खाली गेल्यावर नव्हे.

काठ्या दोन हव्यात, एक नव्हे. उतारावर गुडघ्यावरचा भार त्या वाटून घेतात. उतरताना दोन्ही काठ्या जरा लांब करायच्या. हाताचा पट्टा ओल्या कातळावर मनगटात अडकवायचा नाही, घसरल्यावर हात मोकळा हवा.

आणि चालण्याचा वेग त्यांचा असू दे. सगळ्यात पुढे त्यांना ठेव. मागे ठेवलंस की पुढचे थांबून त्यांची वाट बघतात आणि त्या पोचल्या की लगेच निघतात. म्हणजे सगळ्यांना विश्रांती मिळते, ज्यांना हवी त्यांना सोडून.

धुकं | ४ जून, सकाळी ९:५१

आजी, शेवटचा मुद्दा लिहून ठेवतोय. वीस वर्षं चालतो आहे आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथचा नियम अजूनही कामाचा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमची ११ किमी आणि ४५० मीटरची वाट या हिशेबाने तीन तासांत होते. पण हा हिशेब तगड्या माणसाचा, कोरड्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा. मुलं, ओली मुळं, नेच्यांखाली लपलेले दगड आणि धबधब्यापाशी बसणं धरून मी सरळ दुप्पट करतो. सहा तास. सातला निघालात तर एकला परत.

काजवा | ४ जून, दुपारी १:१८

ओढ्याकडे वळण्याआधी मला धबधब्याविषयीच थोडं बोलायचं आहे, कारण तिथे जाऊन नेमकं कुठे उभं राहायचं हे फारसं कुणी सांगत नाही.

पुष्कळ धबधबे अशा ठिकाणी तयार होतात जिथे कठीण खडकाचा थर वर आणि मऊ खडक खाली असतो. पाणी आणि तुषार खालचा मऊ भाग पोखरतात, वरची कड अधांतरी राहते आणि एक दिवस तुटते. मग धबधबा थोडा मागे सरकतो. नायगारा असाच गेल्या साधारण १२,००० वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे गेला आहे. म्हणजे धबधब्याच्या पायथ्याशी पडलेले मोठाले दगड तिथे मुळापासून नव्हते, ते वरून आले आहेत. आपण त्यांच्यावर बसून डबे उघडतो.

हवाईतल्या ओआहू बेटावर सेक्रेड फॉल्स नावाचा धबधबा आहे. ९ मे १९९९ ला तिथे भर दिवसा दरड कोसळली आणि पायथ्याशी जमलेल्या लोकांपैकी ८ जण गेले. ते उद्यान तेव्हापासून बंद आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या मल्टनोमा धबधब्यात सप्टेंबर १९९५ मध्ये बसच्या आकाराचा खडक वरच्या डोहात पडला आणि खालच्या पुलावर लग्नाचे फोटो काढणारी मंडळी उडालेल्या पाण्याने आणि दगडगोट्यांनी जखमी झाली. हे घाबरवायला लिहीत नाही. पायथ्याशी जा, डोळे भरून बघा, पण तासभर बसायचं असेल तर कड्यापासून लांब, मोकळ्या जागी बसा. ताज्या तुटलेल्या, फिक्या रंगाच्या, शेवाळ नसलेल्या दगडांचा ढीग दिसला तर तिथे मुळीच नाही.

धबधब्याचा माथा मात्र मी मुलांसाठी पूर्ण वर्ज्य मानतो. वर पाणी शांत, उथळ आणि स्वच्छ दिसतं, पाय बुडवावेसे वाटतात. तळाचा कातळ पाण्याने घासून काचेसारखा झालेला असतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानातल्या व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावर जुलै २०११ मध्ये कठड्यापलीकडे गेलेले तीन जण असेच वाहून गेले. घोट्याएवढ्या पाण्यातही पकड सुटते. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते, की वेगाने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं.

डोहात पोहण्याबद्दलही. धबधबा पडतो तिथलं पांढरं पाणी हवेने भरलेलं असतं. त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, शिवाय प्रवाह माणसाला पुन्हा पडत्या धारेकडे ओढतो. बर्फाचं पाणी असेल तर पहिल्या मिनिटात आपोआप जोराचा श्वास घेतला जातो, आणि नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. तुम्ही बर्फ म्हणालात, म्हणून या सहलीत फक्त पाय भिजवा, तेही डोहाच्या शांत टोकाला.

रानफूल२२ | ४ जून, दुपारी २:०५

वाचते आहे. काजवा, खूप आभार. आम्ही मागच्या वर्षी माथ्यावर मुलांचे फोटो काढले होते. अंगावर काटा आला.

ओलीवाट | ४ जून, रात्री ८:४०

ओढ्यावर मी लिहितो, कारण एका ओढ्याने मला रात्रभर काठावर बसवलं होतं.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा पुतण्या, तेव्हा तो पंधराचा. बायको आणि वहिनी ट्रेलरपाशी थांबल्या होत्या. तुमच्यासारखीच वाट, वर बर्फ, मध्ये बिनपुलाचा ओढा. सकाळी नऊला ओलांडला तेव्हा पाणी घोट्याच्या जरा वर होतं. पुतण्या हसत हसत पलीकडे गेला. दिवसभर ऊन, आभाळात एक ढग नाही. धबधबा पाहिला, जेवलो, रेंगाळलो. पाच वाजता त्याच जागी परत आलो आणि मला ती जागा ओळखताच आली नाही. सकाळचे पाय ठेवायचे दगड गायब. पाणी मांडीला लागेल इतकं, गढूळ, आणि तळातून दगड गडगडत जाण्याचा आवाज येत होता.

पाऊस नव्हता, मग पाणी आलं कुठून? बर्फाचा ओढा दिवसाच्या तालावर चालतो. ऊन चढलं की वर बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात. म्हणून दुपारनंतर आणि संध्याकाळी पाणी सगळ्यात जास्त, पहाटे सगळ्यात कमी. बर्फ जितका लांब, तितकी भर उशिरा. सकाळी जाताना सोपा वाटलेला ओढा परतीला अवघड असणार हे अशा दिवशी जवळजवळ ठरलेलंच. मी जाताना पाणी बघितलं. परतीच्या पाण्याचा विचारच केला नव्हता.

पुतण्या म्हणाला, "काका, हात धरून जाऊया." मी एक काठी आत टाकून पाहिली, ती हातातून ओढली गेली. ओढ्याच्या खालच्या अंगाला वीस मीटरवर आडवं पडलेलं झाड होतं, त्याच्या फांद्यांतून पाणी घुसत होतं. पडलो असतो तर तिथेच अडकलो असतो. म्हणून थांबलो. जवळचे सगळे कपडे घातले, झाडाखाली फांद्या आणि पाठपिशव्या अंगाखाली घेऊन बसलो. अंधार पडल्यावर पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "आई घाबरली असेल." रात्री दोनच्या सुमाराला आवाज उतरला. पाच वाजता उजेड झाला तेव्हा पाणी घोट्यावर होतं. दहा पावलांत पलीकडे.

आम्हाला वाचवलं ते ट्रेलरच्या टेबलावरच्या चिठ्ठीने. निघताना वहिनीने लिहायला लावली होती: कोणती वाट, किती जण, कुठल्या रंगाचे कपडे, परत कधी आणि किती वाजेपर्यंत न आल्यास मदत मागायची. फोनला तिथे रेंज नव्हती. ती वेळ उलटल्यावर तिने कॅम्पग्राउंडच्या राखणदाराला सांगितलं. पहाटे आम्ही ओढा ओलांडला आणि अर्ध्या तासात समोरून शोधणारी दोन माणसं भेटली.

तेव्हापासून ओढा ओलांडताना काठावर तीन दगड मांडतो. पहिला अगदी पाण्याच्या रेषेवर, दुसरा त्याहून चार बोटं उंचीवर, तिसरा आणखी चार बोटं वर. परत आल्यावर अंदाज करत बसावं लागत नाही, दगड सांगतात. आणि मागे फिरायची वेळ ओढ्यावरून ठरवतो, धबधब्यावरून नाही. धबधबा दिसो वा न दिसो, ती वेळ झाली की मागे.

निर्झरी | ४ जून, रात्री ९:२५

ओलीवाट, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी म्हणाली, चिठ्ठी मी लिहिणार.

काजवा | ४ जून, रात्री ९:४०

चिठ्ठीसोबत शिट्ट्याही, प्रत्येकाच्या गळ्यात एक. धबधब्याजवळ हाक दहा पावलांवरही पोचत नाही. उत्तर अमेरिकेत संकटाची खूण तीन शिट्ट्या, ब्रिटनमध्ये आणि आल्प्समध्ये मिनिटाला सहा. मुलांना शिकवून ठेवा, आणि खेळायला वाजवायची नाही हेही.

पायरव | ५ जून, सकाळी ८:१०

ओढा ओलांडायलाच लागला तर बूट काढू नका. अनवाणी पायाला गार पाण्यात काही कळेनासं होतं आणि दगड लागतो. मोजे काढून नुसते बूट घाला, पलीकडे गेल्यावर पाणी झटकून कोरडे मोजे चढवा. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा. तोंड पाणी येतं त्या वरच्या बाजूला, पाऊल तिरकं. जागा निवडताना ओढा जिथे पसरट आहे तिथे ओलांडा. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरात असतं.

रानफूल२२ | ५ जून, सकाळी ९:०२

ओढ्याचं पाणी प्यायला चालेल का? इतकं स्वच्छ दिसतं.

धुकं | ५ जून, सकाळी ९:३०

नाही. जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी स्वच्छ आणि थंड पाण्यातही असतो. एक मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. गाळणी वापरणार असाल तर पोकळ तंतूंची गाळणी जंतू आणि परजीवी अडवते, विषाणू नाही. आणि ती एकदा वापरल्यावर गोठू देऊ नका, तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. थंडीत ती रात्री अंथरुणात घ्या.

रातकिडा | ५ जून, दुपारी १२:१५

ट्रेलरच्या आतलं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

धबधब्याहून परतल्यावर पाच जणांचे ओले बूट, रेनकोट आणि टॉवेल एवढ्याशा खोलीत आले की रात्री भिंतींवरून पाणी ओघळतं. पाच माणसांच्या श्वासाचीच वाफ पुष्कळ असते. म्हणून गारठा असला तरी छताची खिडकी आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. ओलं सगळं बाहेर, छताच्या कापडाखाली दोरीवर. बूट वाळवायला आत कागद कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. शेगडीजवळ ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो.

ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवणं हा जिवावरचा खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भाड्याच्या ट्रेलरमध्ये बहुधा त्याचा इशारा देणारं यंत्र असतं, पहिल्याच दिवशी बटण दाबून ते वाजतं का बघा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचं यंत्र खाली बसवलेलं असतं. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका.

घनदाट झाडीत सौर पॅनेल जवळजवळ काहीच देत नाही. विजेची जोडणी नसलेल्या साइटवर (ट्रेलर लावायच्या जागेवर) राहणार असाल तर बॅटरीवरच भागवायचं आहे असं समजा. जुन्या पद्धतीची शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये.

साइट निवडताना वर बघा. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी डोक्यावर असेल तर साइट बदलून घ्या. ट्रेलर गाडीपासून सुटा करण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हा क्रम चुकला की ट्रेलर चालू लागतो.

घरून सरपण नेऊ नका. लाकडातून किडे प्रवास करतात. ॲश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा अमेरिकेत २००२ मध्ये सापडला आणि तो पुढे पसरण्यात लोकांनी गाडीतून नेलेल्या सरपणाचा मोठा हात होता.

सावली_मोठी | ५ जून, दुपारी १२:५०

आगीवरून आठवलं. निघायच्या दिवशी सकाळी आगीची मनाई आणि वाटा बंद आहेत का हे पुन्हा तपासा. ओरेगनमध्ये २ सप्टेंबर २०१७ ला फटाक्यांमुळे ईगल क्रीकची आग लागली, तेव्हा धबधब्याच्या वाटेवर गेलेले सुमारे दीडशे जण परतीचा रस्ता बंद झाल्याने रात्रभर जंगलात अडकले. जाताना परतीची दुसरी वाट नकाशावर पाहून ठेवलेली बरी.

काजवा | ५ जून, दुपारी ३:३३

अवांतर: मुलांना तुषारांत इंद्रधनुष्य दाखवायचं असेल तर सूर्य पाठीशी हवा. आपल्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर कमान उमटते. सूर्य वर असेल तर ती खाली, डोहाकडे शोधायची. कड्याचं तोंड कुठे आहे ते आधी नकाशात बघा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या धबधब्याला सकाळी सावली असते, दुपार ढळल्यावर जा. मात्र ओढ्याची वेळ आणि इंद्रधनुष्याची वेळ जुळत नसेल तर इंद्रधनुष्य सोडून द्या.

निर्झरी | २० जून, रात्री ८:१५

आम्ही परवा परत आलो. सगळं लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, म्हणून मुख्य तेवढं.

दोन मुक्काम अगदी योग्य ठरले. पहिल्या दिवशी समतल करायला एक तास दहा मिनिटं लागली. रोज केलं असतं तर आम्ही एकमेकांशी बोलणं सोडलं असतं. पहिला धबधबा सासूबाईंसकट सगळ्यांनी पाहिला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. भटकीआजी, त्या सगळ्यात पुढे चालत होत्या. मुलगा दर दहा मिनिटांनी "आजी, दमलीस का?" विचारायचा आणि त्या म्हणायच्या, "तू दमलास की सांग, थांबू." दुसरी वाट आधी उतरणारी निघाली. काठावर त्यांनी नकाशा पाहिला, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "मी इथूनच आवाज ऐकते." मुलगी त्यांच्याबरोबर थांबली.

तिसऱ्या वाटेवर सातला निघालो. ओढ्यापर्यंत सगळे. पाणी घोट्याएवढं. सासूबाई आणि मुलगा अलीकडे थांबले, आम्ही तिघं पलीकडे गेलो. मागे फिरायची वेळ १० ठरवली होती. पण पुढे एक मोठं झाड वाटेवर आडवं पडलं होतं, त्याला वळसा घालताना वाट चुकली आणि चाळीस मिनिटं गेली. दहा वाजले तेव्हा धबधब्याचा आवाज स्पष्ट येत होता, हवेत गारवा जाणवत होता. नवरा म्हणाला, पाचशे मीटर असेल. मुलीने माझ्याकडे बघितलं. चिठ्ठीवर तिनेच १० लिहिलं होतं. आम्ही मागे फिरलो. मला रडू येत होतं, खरं सांगते, वर्षभर त्या धबधब्याचे फोटो बघत होते.

ओलीवाट, तुमचे तीन दगड मुलाने मांडले होते. आम्ही नसताना त्याने आणि सासूबाईंनी ठेवलेली नोंद तशीच देते:

८:१०, तिघं पलीकडे गेली. पहिला दगड पाण्याच्या रेषेवर.
९:००, पहिला बुडाला.
११:०५, दुसऱ्याला पाणी लागलं.
११:१५, तिघं परत. पाणी पोटरीपर्यंत.
१:५०, तिसरा दिसेनासा झाला.

शेवटच्या नोंदीसाठी आम्ही मुद्दाम थांबलो, मुलाला तो दगड बुडताना पाहायचाच होता.

ओलीवाट | २० जून, रात्री ८:४८

नोंद दोनदा वाचली. पुतण्याला पाठवतो आहे. पाणी चढताना रंग बदलला का, काही लक्षात आलं?

निर्झरी | २० जून, रात्री ९:०३

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणतात, दुसऱ्या दगडाला पाणी लागायच्या जरा आधी बारीक काड्या आणि सुकी पानं वाहत यायला लागली, आणि बाराच्या सुमाराला तळ दिसायचा बंद झाला. वहीत नाही लिहिलं, आता लिहून ठेवते म्हणाल्या.